छतावरचं वावर

काका कुणाच्याही घरी गेले की आधी वर पाहायचे. माणसांकडे नंतर. दारात चपला काढता काढताच मान मागे, डोळे छताला, आणि तोंडानं नुसतं "हं… हं…" घरचा माणूस बिचारा हात जोडून उभा. बऱ्याच वेळानं मान खाली यायची आणि मग, "जयभीम, जयभीम! बरे हाये ना सारे?" तोवर समोरच्याला वाटलेलं असायचं की वर साप निघाला.

काका माझे नात्यातले कुणी नव्हेत. घरमालक. मी नेरची. यवतमाळात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा ओळखीतून त्यांची समोरची खोली मिळाली. बघायला गेले, तर नाव नाही, पगार नाही, पहिलाच प्रश्न: "नेरले घर कायचं हाये तुमचं?"

"विटांचं," मी म्हटलं.

"अवं, भिंतीचं कोन विचारून राह्यलं? वरतून कायचं?"

"समोर स्लॅब, मागं कवेलू."

"मांग कोन झोपते?"

"बाबा."

"मंग बाबाची झोप चांगली असंन," म्हणाले आणि किल्ली हातात दिली. नाव काकूंनी विचारलं.

सरकारी बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून सारी नोकरी झालेली. शाळा, दवाखाने, पंचायतीची ऑफिसं, जिल्हाभर लोकांच्या डोक्यावर छतं घालत फिरले. घर म्हणजे छत, बाकी सारा आडोसा, हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी सांगेन. माणसंही ते छतावरून ओळखायचे. कवेलूचा, म्हणजे कौलांच्या घराचा माणूस त्यांचा लाडका. का, तर तो दर उन्हाळ्याच्या शेवटी वर चढतो, फुटलेले कवेलू काढतो, बाकीचे फेरून पुन्हा नीट लावतो, वानरांना शिव्या घालतो, आणि शेजाऱ्याशी कितीही वाजलेलं असो, शिडी मागायला त्याच्याच दारात जातो. टिनाचा माणूस मोठ्यानं बोलतो, पावसात तशी सवयच लागते त्याला. आणि स्लॅबचा?

"स्लॅबवाला वरत पाहतच नाई ना पोरी. त्याले वाटते, झालं आपलं."

स्वतःचं घर मात्र स्लॅबचं. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यावर काका नुसते उठून बाहेर गेले. म्हणजे उठून असं म्हणायचं, बसलेले ते नव्हतेच. हा माणूस बसायचाच नाही हो! "काका, बसा ना," म्हटलं की "बसतो," म्हणायचे आणि उभेच. जेवायचे उभ्यानं, ताट जिन्याच्या कठड्यावर ठेवून. टीव्ही पाहायचे दाराच्या चौकटीला टेकून, एक पाय बाहेर. सकाळी मी लॅबला निघाले की फाटकाशी, संध्याकाळी आले की गच्चीवर, मधल्या वेळात काकू म्हणायच्या, "काय मालूम कुठी गेले. कोनाचं छत पाहून राह्यले असतीन." एसटीनं कुठं निघाले आणि गाडी स्टँडवर जरा थांबली, की उतरायचे. समोर कुठं नव्या शेडचं काम चाललेलं दिसलं की झालं. गाडी निघून जायची. मग दुसरीनं घरी यायचे आणि वर म्हणायचे, "ड्रायव्हर थांबत नाईत आजकालचे."

एकदा घाटंजीला ते एका जुन्या सोबत्याकडे भेटायला गेले, त्याची आई वारली होती. काकू बरोबर होत्या, त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगतानाही लाजेनं पदर तोंडाशी धरला होता. घरात बायका रडतायत, तो सोबती भिंतीला टेकून दगडासारखा बसलाय, सकाळपासून शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. आणि काका आत शिरले, वर पाहिलं आणि म्हणाले, "ह्या कोपऱ्यातून गळते ना?"

"मले वाटलं माय, धरनी फाटली तं जाईन खालत," काकू म्हणाल्या. "पन त्या मानसानं पाह्यलं वरत. म्हने, हाव गळते. म्हने, मायच्या अंगावरच गळे. म्या म्हटलं होतं, औंदा करतो. आन मंग असा रडला, असा रडला!" मग ते दोघं सरळ गच्चीवर गेले म्हणे, आणि पुष्कळ वेळानं उतरले तेव्हा तो माणूस चहा प्यायला. आता ह्याला काय म्हणायचं? काकूंनाही ठरवता आलं नव्हतं.

काकूंबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकू म्हणजे ह्यांच्या अगदी उलट्या. एका जागी बसल्या की बसल्या. गुडघे गेलेले, जिना चढणं बंद. लहानपण कवेलूच्या घरात, जिथं वानरं नाचली की रात्री चांदण्या दिसायच्या. लग्नानंतर ह्यांच्या बदल्या, आणि बदलीबरोबर सरकारी क्वार्टर, आणि दर क्वार्टर गळकं. सरकारी छतं घालणारा माणूस, आणि त्याचीच बायको घमेली लावत हिंडतेय घरभर! शेवटी रिटायर व्हायच्या आधी स्वतःचं घर बांधलं तेव्हा काकांनी विचारलं होतं, फरशी कोणती, ओटा केवढा, खिडक्या कशा. काकू म्हणाल्या, "मले बाकी काई नको. माह्या आंगावर थेंब नाई पडला पायजे." काकांनी तो स्लॅब स्वतः उभं राहून ओतून घेतला. काकू हे सांगायच्या आणि पलंगावर पडल्या पडल्या वर पाहायच्या. पांढरंशुभ्र, कोरडं ठणठणीत छत. त्या घरातली तेवढी एक वस्तू त्यांनी मागून घेतली होती.

आता लोहाऱ्याचं. माझं लग्न काकांनी जमवलं, आणि जमवलं म्हणजे कसं, ते ऐका.

स्थळ लोहाऱ्याचं होतं. मुलगा एमआयडीसीत कामाला. ते लोक नेरला येऊन मला पाहून गेले, आता आम्ही घर पाहायला जायचं होतं. बाबांना यवतमाळातलं कुणी माणूस सोबत हवं होतं, म्हणून काका. मी हजारदा बजावलं होतं, "काका, तिथं जाऊन वर पाहत बसू नका." "नाई पाहत न वं," म्हणाले. गेलो. ऊन असं की ऑक्टोबर आहे की मे कळू नये. घर टिनाचं. पोहे आले, चिवडा आला, बाबांनी मुलाला ड्युटीचं विचारायला सुरुवात केली, आणि पाहते तर काका खुर्चीशी नाहीत. खुर्ची रिकामी, पोह्याची प्लेट खिडकीत. मी मनात म्हटलं, मेले. तेवढ्यात डोक्यावर टिन धाडकन वाजलं.

सगळे बाहेर धावलो. काका पाण्याच्या टाकीवरून चढून टिनाच्या काठाशी उभे, कमरेपर्यंत दोडक्याच्या वेलात.

"अवो भाऊ, पडसान ना!" माझ्या सासूबाई ओरडल्या. तेव्हा त्या अजून माझ्या सासूबाई झालेल्या नव्हत्या, आणि होणार नाहीत अशी माझी त्या क्षणी खात्री पटली होती.

"वेल कोनाचा?" वरून प्रश्न.

"माहा. दोडक्याचा हाये."

"पानी कोन टाकते?"

"पोरगा टाकते, ड्युटीवरून आला का."

"ह्या एकाच खोलीवर कायले चढवला? बाकी टिन रिकामं हाये."

"तथी आमचा बुढा झोपते न दुपारी. टिन लय तापते."

काका उतरले. शर्टाला पानं, केसांत पिवळं फूल. बाबांच्या जवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "जमवून टाका." बाबा म्हणाले, अहो, पगाराचं, बाकीचं विचारायचंय अजून. "ते तुम्ही विचारा. माहं काम झालं." आणि प्लेट उचलून उभ्यानं पोहे खायला लागले. मी रागानं लाल झाले होते. परतीच्या ऑटोत मी त्यांच्याशी बोलले नाही. आता मात्र कबूल करायला हवं, उन्हाचा विचार करणारी माणसं आहेत ती, खरंच आहेत. मोठ्या नणंदेचं आधी करायचं म्हणून आमचं लग्न पुढच्या सालावर गेलं. म्हणून तर मी पुढचं सगळं पाहिलं.

काकांच्या डोक्यात तेव्हा गवत शिरलेलं होतं. मोबाइलवर त्यांनी कुठला तरी व्हिडिओ पाहिला. थंडीच्या मुलखातली घरं, आणि घरांवर हिरवंगार गवत. भाजीवाला, दूधवाला, माझ्या लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला आलेला पेशंट, ज्याला त्याला थांबवून दाखवायचे. "पाह्य! बकऱ्या चरून राह्यल्या छतावर! आन आपन लेकाचे पंचेचाळीस डिगरीत कूलरच्या तोंडात तोंड घालून पडतो!" काकू म्हणायच्या, "आता बकऱ्या आनता काय वरत?" सगळे हसायचे. मीही हसायची. व्हिडिओच तो, आज आहे, उद्या दुसरा येईल.

आणि मग रस्ता आला.

घाटंजीच्या वाटेवर काकांचं दोन एकर वावर होतं. ते वावर म्हणजे काय होतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. काकांच्या आईनं उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं. काकूही नवी नवरी म्हणून आल्या त्या सासूबरोबर, त्यांच्या आत्याबाईबरोबर, निंदायलाच. काका नोकरीला लागले आणि पहिल्यांदा कपडा नाही, घड्याळ नाही, जमीन घेतली, आईच्या नावावर. सात पिढ्यांत पहिली. म्हातारी रोज जायची. ह्या वावरात ती वाकायची ते स्वतःच्या तणासाठी. ती गेल्यावर काका पेरत राहिले, दुसऱ्याच्या हातानं, पण पेरत राहिले. ते वावर रुंद होणाऱ्या रस्त्यात गेलं. मोबदल्याचा कागद आला, काकांनी सही केली, आणि त्यांचं चालणं आणखी वाढलं. फाटक ते गच्ची, गच्ची ते फाटक.

एके दिवशी मला म्हणाले, "पोरी, रस्तेवाले काळी माती ठेवत नाईत, मालूम हाये का तुले?"

मला कुठून मालूम असणार.

"खरडून फेकून देतात. काळ्या मातीवर रस्ता टिकत नाई. पानी पेली का फुगते, ऊन लागलं का फाटते. घर असो का रस्ता असो, आधी ही काढा, मुरूम भरा. म्या जिंदगीभर हेच केलं. लोकाईच्या पायव्यातून हिले काढून फेकलं." आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. "आता माह्यीवाली फेकतीन."

त्यानंतरच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दारात लागल्या. काळी, चिकट, घाटंजीच्या वाटेवरची माती. मजूर टोपल्यांनी वर चढवतायत आणि काका जिन्यावर, फाटकात, गच्चीत, एकाच वेळी सगळीकडे. खाली जाड ताडपत्री, कडेनं पाइप, वर वीतभर माती. मी म्हटलं, "काका, तुम्हीच तर म्हणता काळी माती घर पाडते!"

"काळ्या मातीवर घर बांधू नोको, असं म्हटलं म्या. घरावर माती ठेवू नोको, असं कवा म्हटलं?"



काकू पलंगावरून एवढंच म्हणाल्या, "अवो, गळन ना?"

"मी ओव्हरसिअर हाओ का कोन हाओ?"

"कायले पन चढवून राह्यले?"

"गवत लावतो. थंड राहीन तुले."

आणि थंड राहिलं, हे खोटं नाही. तो उन्हाळा आमच्या गल्लीत कुणी विसरणार नाही. शेजारी कूलर ढणढणतायत, आणि आमच्याकडे दुपारी छताला हात लावला तर माठाला लावल्यासारखं. काका येईल त्याला स्टुलावर चढवायचे. "लाव हात! लाव ना! लागते का नाई थंड?" पोस्टमनला चढवलं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना चढवलं, त्यांना तर धरून चढवावं लागलं. काका इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. फक्त बसले मात्र नाहीत.

पाऊस लागल्यावर वर गवत उगवलं नाही. म्हणजे गवत होतं, पण काका ते रोज उपटायचे. मी एकदा कपडे वाळत घालायला वर गेले आणि पाहतच राहिले. ओळी होत्या. काकांनी सरकी लावली होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळी, दर काही ओळींनी तुरीची एक, आणि कठड्याच्या कडेकडेनं, बांधावर लावतात तशी अंबाडी. काका मधोमध उकिडवे, हातात विळा. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काकूले गवत हाये म्हून सांगजो."

मग ऑगस्टात झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे मुसळधार नव्हे. भुरभुर, भुरभुर, सूर्य नाही, दिवस नाही, कपडे वाळत नाहीत, डोकं उठतं. त्या झडीत मातीनं पाणी प्यायला सुरुवात केली. आणि काळी माती आपला स्वभाव छतावर नेल्यानं सोडते थोडीच! फुगली. रस्त्याकडचा कठडा बाहेर झुकला, तो मला गल्लीतून दिसला. आणि मी काकूंच्या खोलीत गेले, तर त्यांचा पलंग जागेवर नव्हता. कोपऱ्यात सरकवलेला. वर पाहिलं. पांढऱ्या छतावर ताटाएवढा पिवळट डाग, मधून भेग, भेगेतून थेंब. खाली घमेलं.

पण आवाज येत नव्हता. मी वाकून पाहिलं. घमेल्यात काकूंच्या जुन्या लुगड्याची जाड घडी ठेवलेली. थेंब पडायचा आणि मुकाट जिरायचा.

"काकू, हे काय?"

"आवाज नाई येत न त्याच्यानं."

"कुणाला आवाज येऊ नये म्हणून?"

"त्याईले," काकू म्हणाल्या. "तू बोलू नोको. आईच्या वावरातली माती हाये त्याईच्या. मले काय, मी कोपऱ्यात झोपतो."

मला इतका राग आला! ज्या बाईनं आयुष्यात एक कोरडं छत मागितलं, ती ते गळतंय हे नवऱ्यापासून लपवायला लुगडं फाडून घालतेय. आणि काका? काका दिवसातून दहादा त्या खोलीत यायचे. औषध द्यायला, चष्मा शोधायला, उगाचच. पलंग सरकलाय, घमेलं ठेवलंय, दिसत नव्हतं का त्यांना? मग माझ्या लक्षात आलं. घाटंजीच्या मयतीच्या घरात वर पाहणारा हा माणूस, लोहाऱ्याच्या टिनावर चढणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोच्या खोलीत मान खाली घालून येत होता आणि मान खाली घालून जात होता.

दोन दिवस मी दातओठ खात गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी काका काकूंना चहा द्यायला आले, कप ठेवला, वळले. मी दारात आडवी झाले.

"काका, वर पाहा."

"सर वं, काम हाये मले."

"साऱ्या जिल्ह्याची छतं पाहिली ना तुम्ही? चपला काढायच्या आधी पाहता ना? मग इथं काहून नाही पाहत? पाहा वर!"

"बाई, जाऊ दे ना त्याईले," काकू म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. हळूहळू, दुखत असल्यासारखी. नेहमीचं "हं… हं…" या वेळी आलं नाही. बराच वेळ पाहिलं. मग घमेल्याकडे पाहिलं, त्यातल्या लुगड्याकडे पाहिलं. ते लुगडं ओळखलं असावं त्यांनी.

"कवापासून?"

"काल…" काकू म्हणाल्या.

"खोटं सांगतात," मी म्हटलं. "झड लागली तेव्हापासून."

काका बाहेर गेले. थोड्या वेळानं वरून धप्प आवाज आला. मग दुसरा. मी अंगणात धावले. काका वरून टोपली टोपली माती खाली फरशीवर ओतत होते. पावसात, उघड्या डोक्यानं. एका टोपलीबरोबर पऱ्हाटीचं एक झाड मुळासकट येऊन पडलं. गुडघ्याएवढं, पात्या म्हणजे कळ्या लागलेलं.

काकू माझ्या मागून केव्हा आल्या कळलं नाही. त्यांनी ते झाड उचललं. "हे काय हाये? गवत हाये म्हने ना वरत?" आणि जिन्याकडे निघाल्या. मी म्हटलं, काकू, गुडघे! "हात दे," म्हणाल्या. एकेक पायरी, दर पायरीला "माय वं", भिंतीला धरत, माझ्या खांद्याला धरत. वर पोचलो तर काका टोपली घेऊन तसेच उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे.

 काकू ओळी पाहत होत्या. ओळीतून हळूहळू चालत गेल्या, कठड्यापर्यंत, अंबाडीपर्यंत.

"धुऱ्यावर अंबाडी," म्हणाल्या. "आत्याबाईनं अशीच लावलती. तुरीची ओळ बी थ्याच जाग्यावर." मग वळून, "अवो, सारं वावर नकाशावानी काढलं तुम्ही."

काकांचा चेहरा ओला होता. पावसाचं पाणी होतं की काय होतं, मी पाहिलं नाही नीट. "काढतो मी," ते म्हणाले. "आजच काढतो सारं. तुह्या आंगावर थेंब नाई पडन म्हटलं होतं म्या. काढतो."

"ठेवा ती टोपली," काकू म्हणाल्या.

"अवं…"

"ठेवा म्हटलं ना! उभं पीक कोनी उपटते काय? पात्या लागल्या हायेत. डोये हायेत का नाई तुम्हाले?" आणि ती गुडघे गेलेली बाई ओळीत खाली बसली आणि तण उपटायला लागली. "बोंडं येऊ द्या. वेचू आपन. मंग उतरवा. मी झोपतो बैठकीत तवापर्यंत, काई मरत नाई. आत्याबाईनं पाह्यलं असतं तं काठी घेतली असती."

रस्त्याकडची माती मात्र त्याच दिवशी उतरवली, मिस्त्रीला बोलावून झुकलेला कठडा पाडला, भेगेवर जे लावायचं ते तात्पुरतं लावलं. बाकीचं वावर उभं राहिलं. काकू बैठकीत झोपल्या, आणि लुगड्याची घडी घमेल्यातून निघाली, आता लपवायचं काय होतं? थेंब अजूनही टपटप वाजायचा आणि काका दर वेळी खोलीत येताना वर पाहायचे. दर वेळी. दिवाळीनंतर बोंडं फुटली. काकूंना धरून आम्ही पुन्हा वर नेलं, त्यांनी कमरेला ओटी बांधली आणि वेचलं. कापूस निघाला एका उशीपुरता. ती उशी त्या कुणाला टेकू देत नाहीत.

आणि माती?

माझं लग्न त्याच हिवाळ्यात झालं. लोहाऱ्याला सगळं सामान पोचलं, कपाट, भांडी, गादी, आणि सगळ्यात मागून ट्रॅक्टरची ट्रॉली. माझ्या सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि ट्रॉली मागं मागं येतेय. "हे काय हाये?" काका ट्रॅक्टरच्या मडगार्डावरून उतरले. "पोरीचं आंदण," म्हणाले. "दोडक्याच्या बुडाशी टाका. टिनावर चढवू नोका बरं! वेल चढवा, माती खालत ऱ्हाऊ द्या." बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. कुणी मुलीला आंदणात माती देतं का! मी मात्र हसले नाही, आणि काकांकडे पाहायचीही माझी हिंमत झाली नाही.

त्याला काही वर्षं झाली. वेल आता अख्ख्या टिनावर असतो. दोडके इतके की गल्लीत वाटतो. काकूंचं छत पुन्हा पांढरं झालं. काका अधूनमधून आमच्याकडे यायचे, आले की वर पाहायचे, हं हं करायचे, उभ्यानं चहा घ्यायचे आणि निघायचे.

गेल्या खेपेला आले ते थकलेले वाटले. घाटंजीहून येत होते. नवा रस्ता झाल्यावर त्या बाजूनं पहिल्यांदाच गेले होते. फाटक उघडून आत आले. सासूबाई नेहमीसारख्या हात जोडून उभ्या राहिल्या, काका वर पाहतील, मग बोलतील, म्हणून. काकांनी वर पाहिलं नाही. चपलाही काढल्या नाहीत. वेलाच्या बुडाशी गेले, वाकले, मातीचं ढेकूळ उचललं आणि हातात चुरलं.

"बसमध्ये उभाच होतो पोरी," म्हणाले. "खिडकीतून पाहून राह्यलतो. आपलं वावर कुठी होतं, ओळखूच नाई आलं."

 

त्यांनी मूठ नाकाशी नेली. मग माझ्या सासूबाईंकडे पाहून, "जयभीम बाई," म्हणाले. सासूबाईंनी आतून खुर्ची आणली, तोवर काका खाली मातीतच बसले होते, वेलाला पाठ लावून, पाय लांब करून. मी चहा तिथंच नेऊन दिला.